एकत्रित शोधात वारंवार येणारे ‘शून्य निकाल’ : एका गुऱ्हाळाच्या निमित्ताने केलेली तपासणी

समस्या अशी आहे. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर अनेक स्रोतांत एकाच वेळी शोध घेण्यासाठी दिलेल्या चौकटीत मराठी शब्द टाकला की काही स्रोतांसमोर ‘०’ हा आकडा येतो. तोच शब्द त्या स्रोताच्या स्वतःच्या पानावर जाऊन शोधला तर कधी नोंदी सापडतात, कधी सापडत नाहीत. दोन दिवसांनी, कोणीही काहीही दुरुस्त केलेले नसताना, त्याच चौकटीत त्याच शब्दाला नोंदी मिळू लागतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा नाहीशा होतात. कोल्हापुरातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ही व्यवस्था मी सांभाळतो, आणि ही तक्रार गेल्या दोन वर्षांत इतक्या वेळा नोंदवहीत आली आहे की तिचा तपास एकदा सलग लिहून ठेवणे मला आवश्यक वाटले.

ज्या प्रसंगाने आम्ही मुळाशी गेलो तो जुलैमधला आहे. करवीर तालुक्यातील गूळ उत्पादनावर प्रबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीने चौकटीत ‘गुऱ्हाळ’ हा शब्द टाकला आणि सहाच्या सहा स्रोतांसमोर शून्य आले. कोल्हापुरात बसून गुऱ्हाळावर एकही पुस्तक मिळू नये, हे तिला पटेना. ती देवघेव खिडकीशी येऊन सांगत असतानाच आमचे ग्रंथालय परिचर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते आत गेले आणि ६६४.१ या वर्गांकाच्या फळीवरून एक जुने पुस्तक घेऊन आले. त्याच्या शीर्षकातच ‘गुऱ्हाळ’ हा शब्द होता. “कॉम्प्युटर नाही म्हणतोय, पण पुस्तक हाय की, मॅडम,” एवढेच ते म्हणाले. ते पुस्तक आमच्याच तालिकेत रीतसर नोंदवलेले होते.

तपासाकडे वळण्यापूर्वी ही चौकट नेमके काय करते ते स्पष्ट असले पाहिजे, कारण निम्मा गोंधळ तिथेच असतो. पूर्वी एखाद्या संशोधकाला शिवाजी विद्यापीठाचे ग्रंथालय, करवीर नगर वाचन मंदिर आणि दोन-तीन महाविद्यालये अशी फेरी मारून प्रत्येक ठिकाणचे तालिकापत्रांचे खण उघडावे लागत. एकत्रित शोध हीच फेरी आपल्या वतीने काही सेकंदांत मारतो: एकच प्रश्न प्रत्येक स्रोताच्या सर्व्हरकडे त्याच क्षणी पाठवतो, उत्तरांची वाट पाहतो, आणि जी उत्तरे मुदतीत येतील ती एका पडद्यावर मांडतो. मात्र पायी जाणाऱ्याला कुलूप लावलेले ग्रंथालय आणि पुस्तक नसलेले ग्रंथालय यांतला फरक दारातच कळत असे. आमच्या चौकटीत दोन्हींसाठी एकच आकडा होता. समस्येचे मूळ माझ्या मते इथे आहे, बाकी सगळी तिची निमित्ते आहेत.

काही विद्यापीठे आता प्रकाशकांकडून नोंदी आधीच गोळा करून त्यांची एक मोठी मध्यवर्ती सूची बांधणारी ‘डिस्कव्हरी’ सेवा वापरतात. तिथे प्रश्न बाहेर जातच नाही, त्यामुळे पुढील बऱ्याच गोष्टी तिला लागू होत नाहीत. अक्षरांविषयीचा भाग मात्र तिलाही लागू होतो. आमची मांडणी मिश्र आहे. कोहा या ग्रंथालय-प्रणालीवरची आमची स्वतःची तालिका, शेजारच्या दोन महाविद्यालयांच्या कोहा तालिका आणि अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेस यांना झेड ३९.५० या, ग्रंथालयांच्या संगणकांनी एकमेकांना शोधप्रश्न विचारण्याच्या ठरलेल्या पद्धतीने (प्रोटोकॉलने) प्रश्न जातो. प्रबंधांच्या नोंदी आम्ही ओएआय-पीएमएच पद्धतीने ठरावीक काळाने उतरवून घेऊन स्थानिक सूचीत ठेवतो. आणि सहावा स्रोत इंग्रजी नियतकालिकांचा लेखसंग्रह आहे, जो आमच्या इमारतीच्या आयपी पत्त्यावरून आम्हाला ओळखतो.

तपासाचा पहिला नियम म्हणून एकत्रित चौकट बाजूला ठेवावी आणि प्रत्येक स्रोताला स्वतंत्रपणे विचारावे. झेड ३९.५० बोलणाऱ्या स्रोतांसाठी ‘यॅझ’ या संचातील आज्ञा-ओळीवरचे छोटे साधन पुरेसे आहे. त्यात सर्व्हरचा पत्ता, पोर्ट (सर्व्हरवरच्या प्रवेशद्वाराचा क्रमांक) आणि संग्रहाचे नाव देऊन जोडणी केली की सर्व्हर स्वीकार कळवतो किंवा कळवत नाही, आणि प्रश्न विचारल्यावर नोंदींची संख्या किंवा त्रुटीचा क्रमांक देतो. चौकटीने गिळलेला हा त्रुटी क्रमांकच आपल्याला हवा असतो.

सर्व्हरपर्यंत न पोहोचलेला प्रश्न

जोडणीच होत नसेल तर प्रथम फायरवॉल (जाळ्यातून होणाऱ्या ये-जेवरचा पहारा) पाहावी. झेड ३९.५० साठी रूढ पोर्ट २१० आहे, आणि महाविद्यालयांच्या जाळ्यात बाहेर जाण्यासाठी बहुधा फक्त नेहमीची वेब पोर्टे उघडी ठेवलेली असतात. आमच्याकडे फायरवॉलची नवी पेटी बसवल्यानंतर पाच आठवडे लायब्ररी ऑफ काँग्रेससमोर शून्य येत होते आणि कोणाच्या लक्षातही आले नाही, कारण तिथे मराठी शब्दाला शून्य येणे सगळ्यांच्या अंगवळणी पडले होते. म्हणून अशा चाचणीसाठी मराठी शब्द वापरू नये. इंग्रजीतला एखादा हमखास मिळणारा शब्द वापरावा, म्हणजे जोडणीचा दोष आणि लिपीचा दोष वेगळे राहतात.

शेजारच्या एका महाविद्यालयाचे शून्य दर सोमवारी सकाळी येई आणि दुपारपर्यंत आपोआप नाहीसे होई. त्याचे कारण अखेर फोनवर कळले. शनिवारी संध्याकाळी तिथे मुख्य स्विच बंद केला जातो. सोमवारी सर्व्हर चालू होतो, कोहाचे पान दिसू लागते, परंतु शोधसूची सांभाळणारी झेब्रा सेवा आपोआप सुरू होण्याची व्यवस्था केलेली नव्हती. कोणीतरी तक्रार केली की मगच ती हाताने सुरू केली जाई. सेवा संगणकाबरोबर सुरू होईल अशी नोंद केल्यावर ‘सोमवारचे शून्य’ बंद झाले. पावसाळ्यात वीज गेल्यानंतर हीच लक्षणे कुठेही दिसू शकतात.

लेखसंग्रहाचा प्रश्न निराळा आहे. इंटरनेटचा पुरवठादार बदलला किंवा पर्यायी जोडणीवर गेलो की आपला बाहेरून दिसणारा आयपी पत्ता बदलतो आणि प्रकाशक आपल्याला ओळखत नाही. नोंदणीकृत पत्ते प्रकाशकाकडे वेळच्या वेळी कळवणे एवढाच त्यावर उपाय आहे. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके आल्यामुळे ‘ती आपल्या चौकटीत का दिसत नाहीत’ असे विचारले जाते. वाचनाचा परवाना आणि शोधाची जोडणी या दोन वेगळ्या बाबी आहेत. परवाना मिळाला म्हणून स्रोत चौकटीत आपोआप येत नाही, तो कोणीतरी जोडावा लागतो.

प्रतीक्षेची मुदत वाढवून पाहण्याचा मोह होतो. आम्ही ती १० सेकंदांवरून ३० वर नेली, तेव्हा मंद स्रोताची उत्तरे येऊ लागली, पण विद्यार्थी त्याआधीच पान बंद करू लागले. शेवटी जे उत्तर येईल ते लगेच दाखवावे आणि उशिरा येणारे नंतर भरावे, अशी मांडणी केली. प्रत्येक स्रोताकडून आम्ही पहिल्या शंभरच नोंदी मागवतो, त्यामुळे ‘एकूण’ आणि ‘दाखवलेले’ हे दोन आकडे जुळत नाहीत. तो दोष नाही.

प्रश्न न समजलेला स्रोत

जोडणी होते आणि तरीही शून्य येते, तेव्हा त्रुटी क्रमांक वाचावा. ११४ हा क्रमांक आला तर आपण ज्या क्षेत्रात शोधायला सांगितले ते क्षेत्र त्या सर्व्हरला ठाऊक नाही, असा त्याचा अर्थ आहे. झेड ३९.५० मध्ये वापरल्या जाणाऱ्या बिब-१ या क्षेत्रांच्या संकेतसंचात शीर्षकासाठी ४, विषयासाठी २१, लेखकासाठी १००३ आणि ‘कुठेही’ यासाठी १०१६ असे क्रमांक आहेत. आमची चौकट सवयीने १०१६ पाठवीत असे आणि दुसऱ्या शेजारी महाविद्यालयाचा सर्व्हर ते नाकारीत असे. त्या एका स्रोतासाठी शीर्षक आणि विषय अशी दोन क्षेत्रे ‘किंवा’ने जोडून पाठवायला सुरुवात केल्यावर तिथले निकाल आले. १०९ आल्यास संग्रह तात्पुरता उपलब्ध नाही, आणि २३५ आल्यास त्या नावाचा संग्रहच तिथे नाही. हे दुसरे बहुधा पलीकडे सर्व्हर बदलल्यावर घडते.

अक्षरे न जुळणे

यानंतर उरले ते आमच्या स्वतःच्या तालिकेतले शून्य, जिथे जोडणी ठीक होती, क्षेत्र ठीक होते आणि पुस्तक मामांच्या हातात होते.

कोहासोबतच्या झेब्रा सूचीकाराच्या दोन पद्धती आहेत. एक अक्षरतक्त्यावर चालते आणि युरोपीय लिप्यांसाठी बांधलेली आहे. दुसरी आयसीयू या, युनिकोड (जगातील लिप्यांसाठीची संकेतव्यवस्था) हाताळणाऱ्या तयार संचावर चालते. देवनागरी नोंदी असतील तर दुसरीच निवडावी लागते आणि निवडल्यानंतर संपूर्ण सूची नव्याने बांधावी लागते. आमच्याकडे हे पूर्वीच झालेले होते. ‘गूळ’, ‘ऊस’, ‘शेती’ हे शब्द व्यवस्थित सापडत. सापडत नव्हता तो ‘गुऱ्हाळ’.

नोंदीतला, म्हणजे मार्क २१ या नोंदींच्या साच्यातील २४५ या शीर्षकाच्या क्षेत्रातला, शब्द आणि विद्यार्थिनीने टाकलेला शब्द आम्ही स्प्रेडशीटच्या दोन घरांत शेजारी शेजारी ठेवले. दिसायला रेघभरही फरक नव्हता. मग अक्षरसंख्या मोजणारे सूत्र लावले, तर एका घराने सात सांगितले आणि दुसऱ्याने आठ. खडखडीत उन्हात सावली दिसावी तसे ते कारण समोर आले. मराठीतला हा चंद्रकोरीसारखा अर्धा र संगणकात तीन प्रकारे लिहिला जाऊ शकतो. पहिल्या प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, युनिकोड क्रमांक ०९३१, आणि त्यापुढे हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) असतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून ‘र’ची कळ दाबली की हेच अक्षर उमटते. दुसऱ्यात साधा ‘र’, त्याखाली नुक्ता (टिंब) आणि मग हलन्त असतो. तिसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचा, डोळ्यांना न दिसणारा जोडक, क्रमांक २००डी, असतो. पहिल्या प्रकारात ‘गुऱ्हाळ’ सात वर्णांचा होतो, इतर दोन्हींत आठ. आमची जुनी नोंद तिसऱ्या प्रकारची होती, कारण ती तालिका जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये रूपांतरित करताना परिवर्तकाने तोच प्रकार वापरला होता. विद्यार्थिनीचा फोन पहिला प्रकार लिहीत होता.

एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करणारे युनिकोडचे एनएफसी हे प्रमाणीकरण लावले की पहिला आणि दुसरा प्रकार एक होतात, तिसरा होत नाही; युनिकोडच्या दृष्टीने तो वेगळाच मजकूर आहे. ‘ॲसिड’ आणि ‘ॲड्व्होकेट’ यांसारख्या शब्दांचेही असेच आहे. ‘ॲ’ हे अखंड अक्षर, क्रमांक ०९७२, आणि ‘अ’पुढे चंद्र देऊन केलेले रूप यांना प्रमाणीकरण एक मानत नाही. अखंड अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्यामुळे त्याआधीच्या नोंदींत ते असणे शक्यच नाही.

येथे आमच्याकडून एक चूक झाली, ती इतरांनी टाळावी म्हणून सांगतो. अदृश्य जोडक हाच खलनायक आहे असे समजून मी सूचीच्या नियमांत ‘जोडक काढून टाका’ एवढीच ओळ घातली आणि रात्रभर चाळीस हजार नोंदींची सूची नव्याने बांधली. सकाळी ‘गुऱ्हाळ’ला पुन्हा शून्य. जोडक काढल्यावर उरले ते साधे ‘र’ आणि हलन्त, म्हणजे रफार; शब्द झाला ‘गुर्हाळ’. मग ‘ऱ’ आणि ‘र’ सरसकट एकच मानावेत, असे सुचवण्यात आले. ते सोयीचे असले तरी मराठीला परवडणारे नाही. ‘आचाऱ्यांचे’ म्हणजे स्वयंपाक्यांचे आणि ‘आचार्यांचे’ म्हणजे गुरूंचे. ‘दऱ्या’ डोंगरात असतात आणि ‘दर्या’ कोकणात. शोधात थोडी सैलता चालते, पण पाककृतींची पुस्तके मागणाऱ्यापुढे तत्त्वज्ञान ठेवणे ही सैलता नव्हे.

योग्य क्रम असा आहे की जोडक काढण्याआधी ‘र, हलन्त, जोडक’ हा त्रिकूट शोधून त्याजागी ‘ऱ, हलन्त’ ठेवावा. मग नुक्त्याच्या रूपासाठी एनएफसी लावावे. मग ‘अ’ आणि चंद्र यांचे ‘ॲ’ करावे. आणि त्यानंतरच उरलेले अदृश्य वर्ण काढावेत. हे नियम नोंदींना आणि प्रश्नाला, दोन्हींना लागू झाले पाहिजेत. केवळ सूचीला लावले तर शब्द टाकणारा अजूनही जुन्या रूपातच विचारत राहतो. शब्द सापडतो की नाही हे पाहण्यासाठी सूची पूर्ण बांधण्याची गरज नाही. दहा-बारा नोंदींचा चाचणी संच वेगळा ठेवावा. मी तो ठेवला असता तर एक रात्र वाचली असती.

शेजारच्या तालिका आपल्या हातात नसतात. तिथे उपाय प्रश्नाच्या बाजूने करावा लागतो: शब्दात ‘ऱ’ असेल तर चौकट आता तिन्ही रूपे ‘किंवा’ने जोडून पाठवते. एखादा सर्व्हर ‘किंवा’ मानत नसेल तर तीन स्वतंत्र प्रश्न पाठवून निकाल एकत्र करते. त्यामुळे एकच पुस्तक दोनदा दिसण्याची शक्यता वाढते. आयएसबीएन हा पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक असेल तर दुहेरी नोंद गाळता येते, पण जुन्या मराठी पुस्तकांना तो नसतोच, म्हणून दोनदा दिसलेले आम्ही चालवून घेतो.

आणखी एक सापळा याच वाटेवर आहे. युरोपीय भाषांसाठी लिहिलेले अनेक नियम ‘अक्षरावरची चिन्हे काढून टाका’ असे सांगतात, म्हणजे फ्रेंच शब्द चिन्हांशिवायही सापडावेत. देवनागरीतले उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे युनिकोडच्या वर्गीकरणात त्याच जातीत येतात. काना आणि वेलांट्या मात्र येत नाहीत. हा नियम चालू असलेल्या तालिकेत ‘गूळ’ शोधला की सूचीतला शब्द ‘गळ’ होतो आणि मासेमारीची पुस्तके समोर येतात. ‘केळ’ची ‘कळ’ होते. निकाल शून्य नसल्यामुळे कोणी तक्रार करत नाही, आणि म्हणूनच हा दोष शून्यापेक्षा अधिक काळ टिकतो. उकार असलेला शब्द शोधून उकार नसलेले निकाल येतात का, एवढे पाहिले की तो उघडा पडतो.

लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये मराठी पुस्तकांच्या नोंदी मुख्यतः रोमन लिप्यंतरात आहेत, आणि त्या लिप्यंतरात शब्दाच्या शेवटचा ‘अ’ लिहिला जातो; ‘गूळ’ तिथे शेवटी ‘a’ हे अक्षर घेऊन येतो. तिथे मराठी पुस्तक शोधायचे असल्यास शब्दाचे पहिले चार-पाच रोमन वर्ण देऊन पुढचा भाग मोकळा सोडावा. ग्रंथालयांच्या जुन्या मार्क-८ या अक्षरसंकेतनात तर देवनागरीला जागाच नाही, त्यामुळे त्या संकेतनातून आलेल्या नोंदीत देवनागरी शोधणे व्यर्थ आहे. एखाद्या स्रोताच्या मांडणीत मार्क-८ ऐवजी यूटीएफ-८ हे युनिकोडचे संकेतन (किंवा उलट) निवडले गेले असेल तर नोंदी सापडतात, पण अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात. ती जागा पाहून दुरुस्त करावी. आणि जिथे मराठी नोंदी अजूनही जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत, तिथे परिवर्तन केल्याशिवाय कोणताही शोध चालणार नाही.

या सगळ्यानंतर आम्ही चौकटीतला आकडा बदलला. आता स्रोतासमोर ‘संपर्क झाला नाही’, ‘प्रश्न स्वीकारला नाही’ आणि ‘नोंद सापडली नाही’ यांपैकी एक वाक्य येते, आणि पहिल्या दोन प्रसंगी त्रुटी क्रमांकासह एक ओळ माझ्या नोंदवहीत आपोआप उतरते. बदल करायला एका दुपारचे काम लागले. तक्रारींची संख्या त्यानंतर जी घटली ती इतर कोणत्याही दुरुस्तीने घटली नव्हती.

‘गुळ’ आणि ‘गूळ’ यांचा निर्णय मी अद्याप केलेला नाही. शुद्ध रूप दीर्घ आहे, पण ‘गुळाचा’ म्हणताना तो ऱ्हस्व होतो, आणि मुखपृष्ठांवर दोन्ही रूपे छापलेली आहेत. ऱ्हस्व-दीर्घ एक केले तर ‘दिन’ आणि ‘दीन’ एक होतात. सध्या शोधाच्या चौकटीखाली ‘ऱ्हस्व-दीर्घ बदलूनही पाहा’ असा एक दुवा दिलेला आहे. त्या विद्यार्थिनीने तो परवा वापरला आणि तिला आणखी चार पुस्तके मिळाली. त्यांतली दोन फळीवर नव्हती, ती मामा अजून शोधत आहेत.